व्यायामाचे अ‍ॅप निवडताना काय पाहावे?

बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याने सायकल चालवणारे असोत वा उल्हासनगर-अंबरनाथमध्ये घराजवळच चालणारे, 'कोणते अ‍ॅप घेऊ?' हा प्रश्न दवाखान्यात आता नेहमी येतो. उत्तर तुमच्या व्यायामावर आणि आजारावर अवलंबून आहे.

गरज ओळखा
फक्त चालणार असाल, तर पावले मोजणारे मोफत अ‍ॅप पुरते. सायकल किंवा धावण्यासाठी स्ट्राव्हासारखे जीपीएस वापरणारे घ्या. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, नकाशा उघडायला मात्र बहुधा लागते. म्हणून जंगलपट्ट्यात जाण्यापूर्वी, नेटवर्क नसतानाही नोंद चालू राहते का, हे घराजवळच तपासा. जीपीएस बॅटरी खाते. फोन पूर्ण चार्ज करून निघा.

पावलांपेक्षा मिनिटे पाहा
10,000 पावलांचा आकडा 1965 च्या सुमारास एका जपानी पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवते. मध्यम म्हणजे बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. आठवड्याची मिनिटे दाखवणारे अ‍ॅप निवडा. कॅलरीचा आकडा हा केवळ अंदाज असतो. त्याच्या भरवशावर जादा वडापाव खाऊ नका.

आजार असेल तर
मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉलसारख्या गोळ्यांमुळे नाडी फारशी वाढत नाही. अशा वेळी अ‍ॅपने 'आणखी जोर लावा' म्हटले तरी लावू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम उतरू शकते; खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. छातीत दडपण, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप वाटल्यास उद्दिष्ट अपुरे राहिले तरी लगेच थांबा. त्रास शमला नाही तर 108 ला फोन करा.

माहिती जपा
2018 मध्ये स्ट्राव्हाच्या जागतिक नकाशावरून लष्करी तळांच्या जागा उघड झाल्या होत्या. तुमचे घर आणि फिरायची वेळही अशीच कळू शकते. नोंदी खासगी ठेवा. संपर्कयादी किंवा मेसेज वाचण्याची परवानगी मागणारे अ‍ॅप टाळा.

पैसे भरण्यापूर्वी महिनाभर मोफत वापरून पाहा. पुढच्या तपासणीला येताना रक्तदाब आणि साखरेच्या नोंदींबरोबर चार आठवड्यांची व्यायामाची नोंदही दाखवा. औषधाचा डोस ठरवताना डॉक्टरांना तिचा उपयोग होतो. तो डोस अ‍ॅप पाहून स्वतःहून बदलू नका.