संज्ञासूचीची व्यवस्था आणि संशोधनसामग्री

एकाच पिकास एका नोंदवहीत ‘ज्वारी’, दुसरीत ‘जोंधळा’ आणि तिसरीत ‘सॉर्गम’ असे लिहिलेले असले, तर जाणत्या वाचकाचा घोटाळा होत नाही. संगणकाचा मात्र होतो. त्याच्या लेखी ती तीन पिके ठरतात. शास्त्रीय नाव घेतल्याने प्रश्न सुटतो असेही नाही. जुन्या अहवालांतील ‘सॉर्गम व्हल्गेअर’ तेच आजचे ‘सॉर्गम बायकलर’ होय.

नियंत्रित संज्ञासूचीचे प्रयोजन येथे उत्पन्न होते. परंतु सूची वाढू लागली की तिची देखभाल हेच एक स्वतंत्र संकट होऊन बसते. त्यावरील मुख्य उपाय असा की, क्रमांक शब्दाला न देता संकल्पनेला द्यावा. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००९ साली संमत केलेली ‘स्कॉस’ ही पद्धती याच तत्त्वावर उभी आहे. प्रत्येक संकल्पनेस कायमची एक खूण. प्रत्येक भाषेत अधिमान्य नाव फार तर एक. पर्यायी नावे हवी तितकी. नाव बदलले तरी खूण ढळत नाही, आणि त्या खुणेने नोंदलेली जुनी सामग्री हाती राहते.

पर्याय कोणता आणि पोटभेद कोणता, हा विवेक मात्र कोणतीही पद्धती करून देत नाही. ‘शाळू’ हा ज्वारीचा पर्याय नव्हे. ती रब्बी ज्वारी आहे, आणि मालदांडी हा तिच्याही पोटातला वाण. ‘कडबा’ तर पोटभेदही नव्हे, केवळ संबद्ध संज्ञा. शाळूला पर्याय मानले, तर खरीप व रब्बी उत्पन्नाची सरासरी एकत्र निघेल, आणि तीवरून काढलेला निष्कर्ष दिसावयास निर्दोष, पण फोल असेल.

सूची आटोपशीर ठेवण्याची युक्ती डॉ. रंगनाथन यांनी १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणात दाखविली होती. जोडसंज्ञा आधीच रचून ठेवू नयेत. विषयाचे पैलू वेगळे करून नोंद करतेवेळी जोडावेत. वीस पिके, तीस किडी आणि महाराष्ट्राचे ३६ जिल्हे यांच्या जोडसंज्ञा २१,६०० होतात. पैलू पाडले तर ८६ संज्ञांत काम भागते. (संज्ञा थोड्या असल्या की समितीतील वादही थोडे होतात, हा लाभ गौण नाही.)

कालबाह्य संज्ञा पुसून टाकणे ही सर्वांत महाग चूक होय. ती ‘निवृत्त’ करावी व तिच्या जागी आलेल्या संज्ञेकडे निर्देश करावा. एका संज्ञेच्या दोन झाल्या, तर प्रश्न अधिक बिकट होतो. पूर्वी नुसते ‘ज्वारी’ असे लिहिलेल्या नोंदी खरीप की रब्बी, हे यंत्राने परस्पर ठरवू नये. पेरणीची तारीख मूळ वहीत असेल तर त्यावरून निर्णय करावा. नसेल तर ती नोंद व्यापक संज्ञेखालीच राहू द्यावी.