समृद्धीवर चढताच गाडी धक्के देतेय? आधी डिझेल फिल्टर बघा

मेहकर गावात व्यवस्थित चालणारी डिझेल कार इंटरचेंजवरून समृद्धी महामार्गावर चढली, की ८०-९०च्या पुढे ओढतच नाही. अशा वेळी पहिला संशय फ्युएल फिल्टरवर घ्यावा. कमी वेगात इंजिनाला डिझेल थोडेच लागते. अर्धा चोंदलेला फिल्टरही तेवढे पुरवतो. १२०ची वेगमर्यादा असलेल्या रस्त्यावर मागणी वाढते आणि पुरवठा अडतो. तिथे गाडी बंद पडली, तर गावातल्या मेकॅनिकला हाक मारून भागत नाही.

टाकीतला गंज, धूळ आणि डिझेलमधले पाणी हा फिल्टर अडवतो. कॉमन रेल इंजिनात इंधनाचा दाब हजार बारच्याही पुढे जातो. त्या दाबाखाली बारीक कणही इंजेक्टर झिजवतो, पाण्याने पंप गंजतो. इंजेक्टरचा खर्च फिल्टरच्या कितीतरी पट. तरीही ऑइल आठवणीने बदलणारे हा फिल्टर विसरतात!

बदलायचे अंतर गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेले असते. कॅनमधले डिझेल ओतत असाल, तर त्याआधीच बदला. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागला, तर फिल्टरमधले पाणी लगेच काढून घ्या. पेट्रोलच्या बऱ्याच नव्या गाड्यांत फिल्टर टाकीतच, पंपासोबत असतो. तिथे स्वतः हात घालू नका.