विशेष चिन्हे, संगणकीय : दर्शनातील विसंगती

संगणकावरील एकच मजकूर निरनिराळ्या ब्राउझरांत पाहिला असता त्यातील चलनचिन्हे, गणितीय चिन्हे, बाण इ. विशेष चिन्हे कधी भिन्न आकारात, कधी रिकाम्या चौकटीच्या, तर कधी असंबद्ध अक्षरांच्या रूपात दिसतात. संगणक चिन्हाची आकृती साठवीत नाही, तर तिचा संकेतांक साठवितो. आकृती फाँट या अक्षराकृतींच्या संचातून घेतली जाते. या दोन क्रिया स्वतंत्र असणे, हे विसंगतीचे मूळ होय.

भारतीय रुपयाचे चिन्ह (₹) हे याचे बोधक उदाहरण आहे. डी. उदयकुमार यांनी रचिलेले हे चिन्ह केंद्र शासनाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. त्याच वर्षी युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत त्यास ८३७७ हा संकेतांक मिळाला. तथापि तत्पूर्वीच्या फाँटांत ही आकृती नव्हती. ब्राउझर प्रथम पृष्ठात नमूद केलेल्या व नंतर संगणकातील अन्य फाँटांत आकृती शोधतो. ती न मिळाल्यास सामान्यतः रिकामी चौकट रेखाटतो. उपलब्ध फाँट व शोधाचा क्रम सर्वत्र सारखे नसल्याने दर्शन बदलते.

संकेतनाचा चुकीचा अर्थ लावला जाणे, हे दुसरे कारण होय. यूटीएफ-८ या पद्धतीत रुपयाचे चिन्ह तीन बाइटांत साठविले जाते. तेच बाइट विंडोज-१२५२ या जुन्या पद्धतीने वाचल्यास एका चिन्हाऐवजी तीन असंबद्ध चिन्हे उमटतात.

आरंभीच्या काळात एका लॅटिन स्वराघातचिन्हाच्या जागी रुपयाची आकृती बसविलेले फाँटही वापरात आले. असा फाँट नसलेल्या संगणकावर रकमेपूर्वी केवळ स्वराघातचिन्ह दिसे. युनिकोडपूर्व देवनागरी फाँटांत टंकलिखित केलेला मराठी मजकूरही याच कारणाने आज विशिष्ट फाँटावाचून वाचता येत नाही. रिकाम्या चौकटीमागील संकेतांक शाबूत असतो व योग्य फाँट मिळताच चिन्ह प्रकट होते. उलट, आकृतीपुरत्या केलेल्या योजनेत मूळ अर्थच नोंदला जात नाही. त्यामुळे शोध, रूपांतर व दृष्टिहीनांसाठीचे वाचन या सर्वांत बाध येतो.

यास्तव चिन्हाचा प्रमाण संकेतांक वापरणे, पृष्ठाची संकेतनपद्धती स्पष्ट नमूद करणे व आवश्यक तेथे पृष्ठाबरोबरच फाँट पुरविणे, हे उपाय योजतात. त्यांमुळे आकारातील किरकोळ भेद राहिले, तरी अर्थ अबाधित राहतो.