शोकरजा आणि रूढींचा मान

शोक पाळण्याच्या रूढी समाजपरत्वे भिन्न असतात. न्यूझीलंडच्या २००३ च्या सुट्टीविषयक कायद्यात ही भिन्नता लक्षात घेण्यात आली. सहा महिने सलग सेवा झालेल्या कर्मचाऱ्यास निकटच्या आप्ताच्या निधनानंतर ३ दिवसांची भरपगारी रजा देय ठरली. हे दिवस सलग घेण्याचे बंधन नसल्याने तेथील मराठी कर्मचाऱ्यास दहाव्या-तेराव्याच्या विधींसाठीही रजा घेण्याची सोय झाली.

माओरी समाजात गणगोत मोठे असते. ‘तांगीहांगा’ हा अंत्यविधी अनेक दिवस चालतो. निकटच्या आप्तांखेरीज अन्य व्यक्तीच्या निधनानिमित्त १ दिवसाची रजा देताना कर्मचाऱ्याचे सांस्कृतिक दायित्वही विचारात घ्यावे, असे कायद्याने सांगितले. रूढींचा मान केवळ मालकाच्या मर्जीवर न सोडता त्याचा निकष कायद्यातच घालण्यात आला, हे या तरतुदीचे वैशिष्ट्य होय.