ऐकण्याची परीक्षा आणि सम्यक स्मृती

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या वाटेने जाण्याची जिद्द आज आपल्या मुलामुलींत दिसते. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या वस्त्यांतून, मराठी माध्यमातून शिकलेली मुलेही महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची स्वप्ने पाहतात. परंतु परदेशातील अनेक विद्यापीठे प्रवेशासाठी इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात. त्यांपैकी आयईएलटीएस ही परीक्षा विशेष परिचित आहे. तिची फी हजारो रुपये असल्याने पुन्हा पुन्हा बसणे सामान्य कुटुंबाला परवडत नाही. इंग्रजी बऱ्यापैकी येणारा विद्यार्थीही तिच्या ऐकण्याच्या विभागात मागे पडू शकतो, आणि त्याचे कारण पुष्कळदा भाषेत नसून चित्तात असते.

या विभागात सुमारे ३० मिनिटे, ४ भाग आणि ४० प्रश्न असतात. पहिल्या भागात दोघांचे रोजच्या व्यवहारातील संभाषण, दुसऱ्यात एकाच व्यक्तीचे माहितीपर बोलणे, तिसऱ्यात शिक्षणविषयक चर्चा आणि चौथ्यात व्याख्यान असते. सर्व काही एकदाच ऐकविले जाते. नोटांचे बंडल मोजताना आकडा चुकला तर पुन्हा मोजता येते. येथे ती सोय नाही.

समजा, ११ व्या प्रश्नाचे उत्तर निसटले. विद्यार्थी मनात म्हणतो, "अरे, काय होते ते?" तो आठवत बसतो, तोवर १२ वा आणि १३ वा प्रश्नही निघून जातो. मग भीती शिरते आणि पुढचा सारा भाग कानावरून जातो. वास्तविक प्रत्येक बरोबर उत्तराला १ गुण असतो आणि चुकीबद्दल गुण कापले जात नाहीत. साधारणतः ४० पैकी २३ उत्तरे बरोबर आल्यास ६ बँड, तर ३० आल्यास ७ बँड मिळतो. म्हणजे दहा उत्तरे हुकूनही ७ मिळू शकतो! गेलेल्या उत्तरापेक्षा त्याचा शोकच अधिक नुकसान करतो.

संयुत्त निकायात भगवान बुद्धांनी एक दृष्टान्त दिला आहे. एका माणसाला तेलाने काठोकाठ भरलेले भांडे घेऊन गर्दीतून जायचे आहे. एका बाजूला नृत्यगायन चालू आहे आणि मागे तलवारधारी उभा आहे. थेंब सांडला की शिर जाईल. तो माणूस लक्ष भांड्यावरच ठेवील. हीच स्मृती. आनापानातही हाच सराव आहे : मन भटकले हे ओळखायचे आणि न चिडता त्याला श्वासावर परत आणायचे. परीक्षेत श्वासाच्या जागी बोलणाऱ्याचा आवाज असतो, एवढाच फरक.

विद्यार्थी मित्रांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१) ध्वनिमुद्रणापूर्वी मिळणाऱ्या वेळात प्रश्न वाचून उत्तर आकडा, नाव की ठिकाण असेल याचा अंदाज बांधावा.

२) उत्तरे प्रश्नांच्या क्रमानेच येतात. म्हणून चालू व पुढचा अशा दोन प्रश्नांवर नजर ठेवावी. पुढच्या प्रश्नाचा विषय निघाला की मागचा सोडावा. शेवटी मात्र रिकामी जागा न ठेवता अंदाजाने लिहावे.

३) बोलणारा आधी मंगळवार म्हणतो व मग सुधारून गुरुवार सांगतो. पहिला शब्द ऐकून कान मिटू नयेत.

४) घरी सराव करताना ध्वनिफीत मध्ये थांबवू नये. कुकरची शिटी झाली, शेजारचा टीव्ही वाजला, तरी पुढे ऐकत राहावे.

५) रोज सकाळी दहा मिनिटे आनापान करावे. बोरिवलीजवळ गोराईच्या विपश्यना पॅगोडात त्याची ओळख करून दिली जाते.

आनापानाने शब्दसंग्रह वाढत नाही. त्यासाठी वाचन आणि श्रवण हवेच. पण जे येते ते ऐन वेळी हातून निसटू नये, यासाठी स्मृती हवी. समाजबांधवांनीही आपला वाटा उचलावा. घरात मूल सरावाला बसले की अर्धा तास टीव्ही बंद ठेवावा आणि सायंकाळच्या वंदनेनंतर विहाराची खोली या मुलांना द्यावी. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश पाळण्यास एवढे तर आपण करू शकतो.

जयभीम!