खेळण्यांची मांडणी

सावंतवाडीची रंगीत लाकडी फळे व खेळणी प्रसिद्ध आहेत. बाजारात ती जमिनीवर मांडली, तर वाकून पाहणारे थोडेच. शिवाय कोणाचा पाय पडेल, ही भीती वेगळीच. अशा वेळी घडीची मांडणी उपयोगी पडते.

शिडीसारख्या दोन चौकटी वरच्या टोकाला बिजागऱ्यांनी जोडाव्यात. त्या उघडून समोरासमोरच्या आडव्या पट्ट्यांवर फळ्या टाकाव्यात. खालची रुंद, वरची अरुंद. पाय अधिक फाकू नयेत म्हणून तळाशी दोरी बांधावी. ती विसरली, तर सारा माल क्षणात भुईवर येतो!

एवढे करूनही मांडणी बाजूला डुलते. खिळे कितीही ठोकले, तरी चौकोन कलतोच. कारण बाजूंची लांबी तीच राहूनही त्याचा आकार बदलू शकतो. त्रिकोणाचे तसे नाही. म्हणून मागील चौकटीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी पट्टी ठोकावी. छपराच्या कैचीतही हीच युक्ती असते.

लाकूड मात्र वाळलेलेच घ्यावे. ओले लाकूड वाळताना पिळते व मग घडी नीट मिटत नाही. फळ्यांच्या काठांना बोटभर उंच पट्ट्या मारल्या, म्हणजे लाकडी आंबे घरंगळत नाहीत. बाजार उठला, की फळ्या काढून मांडणी मिटावी आणि खांद्यावर टाकून घरी न्यावी.