नखाएवढा घोडा, दिवसभराची चाकरी

समुद्रघोड्याला जठर नसते. दातही नसतात. नळीसारख्या तोंडातून ओढून घेतलेले भक्ष्य थेट आतड्यात जाते आणि भराभर पुढे सरकते. आपण सकाळी न्याहारी करून दुपारपर्यंत निवांत राहतो, कारण आपले जठर अन्न काही तास धरून ठेवते. समुद्रघोड्याकडे ही सोय नाही. त्याला दिवसभर थोडे थोडे खात राहावे लागते. तो घरच्या काचेच्या टाकीत पाळावा असे ज्यांना वाटते त्यांनी ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. बाकीच्या बऱ्याच अडचणी तिच्यातूनच निघतात.

घरगुती टाकीसाठी सर्वाधिक मोह पाडणारी जात म्हणजे बटू समुद्रघोडा. शास्त्रीय नाव हिप्पोकॅम्पस झोस्टेरी. आपल्या मेंदूतील स्मृतीशी संबंधित भागालाही हिप्पोकॅम्पस म्हणतात, तो त्याच्या समुद्रघोड्यासारख्या आकारामुळेच. हा बटू आपल्या किनाऱ्याचा नव्हे. फ्लोरिडा, बहामा बेटे आणि मेक्सिकोचे आखात येथील उथळ पाण्यात, समुद्री गवताला शेपटीने वेटोळे घालून तो राहतो. लांबी जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर आणि आयुष्य साधारण वर्षभराचे.

एवढासा जीव, म्हणजे एवढेसेच काम, असा समज सहज होतो. अमेरिकेत 1950 आणि 60च्या दशकांत मुलांच्या चित्रकथांच्या मासिकांत जिवंत समुद्रघोड्यांच्या जाहिराती येत. पैसे पाठवले की टपालाने फ्लोरिडातून घोड्यांची जोडी घरी! त्यातले बरेच लवकरच मरत. दोष मुलांच्या मायेचा नव्हता. लहान म्हणजे सोपे, हे गृहीतकच चुकीचे होते.

नवजात शिशूंच्या कक्षात काम केलेल्या कोणालाही हे पटेल. मोठ्या माणसाला दोन जुलाब झाले तर तो पाणी पिऊन कामाला लागतो. दीड किलोच्या बाळाला मात्र तेवढेच जुलाब जिवावर बेततात. शरीर जितके लहान, तितका राखीव साठा कमी आणि चूक सावरायला मिळणारा वेळही कमी. बटू समुद्रघोड्याचे तेच आहे आणि त्याच्या टाकीचेही.

टाकी 20 लिटरची धरू. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे टाकीत एकूण 700 ग्रॅम. उन्हाळ्यात एक लिटर पाणी उडून गेले, तर क्षार तेवढेच राहतात आणि पाणी उरते 19 लिटर. क्षारता लगेच 37 ग्रॅमच्या जवळ जाते. तेवढेच पाणी 200 लिटरच्या टाकीतून उडाले असते तर फरक जाणवलाही नसता. एक लिटरची ओआरएसची पुडी अर्ध्या लिटरात कालवू नका, असे आम्ही आयांना बजावतो, त्यामागचे गणित हेच. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई शुद्ध गोड्या पाण्याने करायची, खाऱ्या पाण्याने नव्हे.

मग मोठी टाकीच का घेऊ नये? कारण हा घोडा पाठलाग करून शिकार करत नाही. गिनेस बुकात सर्वांत मंद मासा म्हणून याचीच नोंद आहे. वेग ताशी सुमारे दीड मीटर. तो गवताला धरून उभा राहतो, हळूच मान पुढे नेतो आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात भक्ष्य ओढून घेतो. टेक्सासमधील संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिले की, त्याच्या डोक्याच्या ठेवणीमुळे तोंडासमोरचे पाणी जवळजवळ हलतच नाही. त्यामुळे पाण्याच्या किंचित हालचालीनेही पळणाऱ्या सूक्ष्म कवचधारी जीवांना तो जवळ आल्याचे कळत नाही, आणि शांत पाण्यात दहापैकी नऊ झडपा यशस्वी होतात. पण भक्ष्य तोंडाजवळ हवे. मोठ्या टाकीत ते विखुरते आणि घोडा उपाशी राहतो. अशी ही कोंडी आहे: पोटासाठी टाकी लहान हवी, पाण्याच्या स्थैर्यासाठी मोठी. ती फक्त रोजच्या मेहनतीने सुटते.

आता रोजची मेहनत म्हणजे काय ते पाहू. बटू घोडा डबाबंद कोरडे खाद्य खात नाही, त्याला हलते, जिवंत अन्न लागते. ते म्हणजे आर्टेमिया नावाच्या चिमुकल्या खाऱ्या कोळंबीसदृश जीवाची ताजी पिल्ले. कोरडी अंडी खाऱ्या पाण्यात टाकायची, हवेचे बुडबुडे आणि उजेड द्यायचा, की साधारण एका दिवसात पिल्ले बाहेर येतात. अंगातल्या बलकामुळे ती सुरुवातीला पौष्टिक असतात. तासागणिक तो संपतो. म्हणून रोज नवा घाणा लावावा लागतो आणि दिवसातून किमान दोनदा खाऊ घालावा लागतो. न खाल्लेली पिल्ले मेली की कुजतात आणि त्यातून अमोनिया तयार होतो, जो माशांना विषारी आहे. त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक नायट्रेट करणारे उपकारक जिवाणू टाकीत रुजायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत घोडा सोडायचा नाही.

याच मुबलक अन्नावर हायड्रॉइड नावाचे दंश करणारे सूक्ष्म जीवही पोसले जातात आणि घोड्याच्या पिल्लांना मारतात. पिल्ले नर देतो. मादी त्याच्या पोटावरच्या पिशवीत अंडी सोडते, तेथेच त्यांना प्राणवायू मिळतो, क्षारांचा तोल सांभाळला जातो आणि दहा-बारा दिवसांत पूर्ण घडलेली पिल्ले बाहेर पडतात. ती जन्मताच आर्टेमिया खाऊ शकतात, त्यामुळे ही जात टाकीत वाढवणे शक्य होते. पाळायचीच तर अशी टाकीत जन्मलेलीच घ्यावीत. ती जिवंत खाद्याला सरावलेली असतात आणि समुद्रातली संख्याही घटत नाही.

घोडा सुस्तावला की अनेक पाळणारे अंदाजाने पाण्यात प्रतिजैविके ओततात. याला माझा सक्त विरोध आहे. निदानाशिवाय दिलेले प्रतिजैविक माणसाला जितके घातक, तितकेच टाकीलाही. पाणी शुद्ध ठेवणारे उपकारक जिवाणू त्याने मरू शकतात, औषधाला न जुमानणारे मागे उरतात, आणि तेच पाणी शेवटी आपल्या मोरीतून गटारात जाते.

टाकी हाताळणाऱ्याच्या हातांचाही विचार हवा. मायकोबॅक्टेरियम मॅरिनम हा क्षयाच्या जंतूचा दूरचा भाऊबंद माशांच्या पाण्यात असू शकतो. माशांमध्ये तो 1926 मध्ये ओळखला गेला. बोटावरच्या बारीक जखमेतून तो शिरतो आणि बहुधा दोन ते चार आठवड्यांनी तेथे न दुखणारी लालसर गाठ येते. कधी हातावर रांगेने गाठी चढत जातात. त्याला 30 अंशांच्या आसपासचे तापमान मानवते, म्हणून तो शरीराच्या थंड भागांत, हातापायांत राहतो. एका माणसाकडून दुसऱ्याला तो होत नाही. पण नेहमीची प्रतिजैविके त्यावर चालत नाहीत. योग्य औषधे काही महिने घ्यावी लागतात. निदानाला उशीर होतो, कारण घरात माशांची टाकी आहे हे रुग्ण सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाही. तेव्हा न भरणारी गाठ घेऊन जाल तर टाकीचा उल्लेख जरूर करा. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका, लांब हातमोजे वापरा, काम झाल्यावर साबणाने हात धुवा आणि नळीने पाणी काढताना ती तोंडाने ओढू नका. मधुमेह, यकृताचे विकार किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे असणाऱ्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

कायद्याचेही भान हवे. भारतात 2001 पासून समुद्रघोड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. मन्नारच्या आखातात किंवा आपल्या कुठल्याही किनाऱ्यावर ते पकडणे वा विकणे गुन्हा ठरतो. त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापारही 2004 पासून करारान्वये नियंत्रित आहे. कागदपत्रांविना कोणी विकत असेल तर दूर राहा. वाळवलेले समुद्रघोडे शक्तिवर्धक म्हणून विकले जातात, त्याला तर खात्रीलायक वैद्यकीय पुरावाच नाही.

अमेरिकेतल्या नातवंडाने रीतसर, टाकीत जन्मलेली जोडी घ्यायची ठरवली, तर त्याला नाउमेद करू नका. वर्षभर रोज एका जिवाची निगा राखणे हे मोठे शिक्षण आहे. फक्त टाकीची किंमत विचारण्याआधी त्याला एवढेच विचारा: दिवाळीत चार दिवस सगळे बाहेरगावी गेले, तर सकाळ-संध्याकाळ याला खाऊ कोण घालणार?